झाडाला हात कोणी लावायचा

"बाबा, तुम्ही या. पण ती आलीच, तर गाडीतून खाली उतरायचं नाही. एवढं सांगून ठेवा तिला."

फोन स्पीकरवर होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून परशुरामला फोनवरची बटणं नीट दिसत नव्हती, आणि तो कुठलंही बटण दाबायला गेला की समोरच्याचं बोलणं अख्ख्या घराला ऐकू जायचं. लक्ष्मी ओट्याशी तांदळाच्या भाकरीची उकड मळत होती. 'ती' म्हणजे आपण, हे कळायला तिला वेळ लागला नाही. लेकीच्या तोंडी गेलं तपभर, किंबहुना त्याहून थोडं जास्तच, तिचं हेच नाव होतं. क्षणभर तिचा हात परातीत थांबला... आणि पुन्हा फिरू लागला. उकड थंड झाली की भाकरीला चिरा पडतात, आणि आपल्या काळजाला कितीही चिरा पडल्या तरी भागेल, पण भाकरीला पडलेली चीर परशुरामला चालत नसे.

"अगो, पन थेंब कोन घालील मना?" परशुराम फोनला समजावत होता. "माझे मना घालता येत नाय. एक डोल्यात जातो नि बाकीचे मिशीत."

पलीकडून करिश्मा म्हणाली, "ठीक आहे. येऊ दे. पण गाडीतच बसेल."

करिश्मा त्यांची एकुलती एक लेक, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाच्या, धनेशच्या पाठची. बँकेत नोकरीला लागली, तिथल्याच विनीत परेराशी तिचं जुळलं, रजिस्टर लग्न करून ती ठाकुर्लीला राहायला गेली. त्यांची कृतिका आता तिसरीत होती, आणि यंदा नाताळला तिला खरं झाड हवं होतं. विनीतची आई होती तोवर दरवर्षी कुठूनतरी सुरूची फांदी पैदा करायची, वाळूच्या बादलीत रोवून तिला कापसाचे बोळे लावायची. ती म्हातारी गेली आणि घरात घडीचं प्लास्टिकचं झाड आलं. कृतिकाने ते उघडून पाहिलं, पुन्हा खोक्यात घातलं आणि जाहीर केलं की ह्याला वासच नाही. मग करिश्माला आपला बाप आठवला. झाड निवडायचं, तर बाबांनीच.

कारण परशुराम गावच्या होळीचं झाड निवडायचा. घोडबंदर रोडला आज जिथे टॉवरच्या बाल्कन्यांतून लोक खाडीचा वारा खातात, तिथे त्यांच्या गावची खाचरं होती, पलीकडे मिठागरं होती, आणि डोंगराच्या पायथ्याशी मालकीच्या रानात सावरीची झाडं होती. हावलूबायसाठी, म्हणजे होळीसाठी, त्यांतलं एक निवडायचा मान परशुरामच्या घराचा. तो झाडाभोवती फेऱ्या घालायचा, डोळा बारीक करून बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सरळपणा जोखायचा, नाकारलेल्या झाडालाही नमस्कार करायचा. लहानगी करिश्मा त्याच्या खांद्यावर. पोरीची जात कशाला रानात नेतोस, असं कोणी म्हटलं की तो म्हणे, "झाड मी नाय बघत, ती बघतं वरसून. मी नुसता चालतंय."

आणि त्या गावची एक रीत होती. झाड पसंत पडलं की कुऱ्हाड लावण्याआधी निवडणाऱ्याने खोडावर तळहात टेकवायचा. पण वर्षभरात ज्याच्या हातून घरच्याच माणसावर अन्याय झाला असेल आणि तो निस्तरायचा राहिला असेल, त्याने झाडाला हात लावायचा नाही. त्याने नारळ हातात घेऊन बाजूला उभं राहायचं, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडून झाडाला हात लाववून घ्यायचा. तोंडाने काही बोलायची गरज नसे. नारळ कुणाच्या हातात आहे ते सगळ्यांना दिसायचं. एका वर्षी परशुरामचा धाकटा भाऊ गोपीनाथ असाच नारळ धरून, मान खाली घालून उभा राहिला होता. बांध सरकवल्याचं तो पंचांपुढे वर्षभर नाकारत आला होता, पण झाडापुढे त्याच्याने ते नाकारवलं नाही. परशुरामने झाडाला हात लावला, भावाच्या हातातला नारळ घेऊन फोडला, भांडण मिटलं. करिश्माने ते खांद्यावरून पाहिलं होतं.

तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या होळीला परशुरामने तो मान गोपीनाथला देऊन टाकला. गुडघे दुखतात म्हणाला. पोरीने मान खाली घालायला लावली म्हणून, असं गाव म्हणालं. करिश्मालाही तेच वाटलं आणि ती ठाकुर्लीत बसून खूप रडली. खरं कारण फक्त लक्ष्मीला ठाऊक होतं. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. पुढ्यात झाड आलं असतं आणि नारळ हातात घ्यावा लागला असता.

लग्नाच्या दिवशी संध्याकाळी, नवं मंगळसूत्र घालून करिश्मा आणि विनीत दाराशी आले तेव्हा परशुराम आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. "सांग तिला," तो म्हणाला होता, "हा दार तिला बंद. मना तिचा तोंड बघायचा नाय." लक्ष्मीने विनवलं, पाय धरले, काही उपयोग झाला नाही. मग ती बाहेर निघाली. माजघरापासून ओटीपर्यंतचं ते अंतर! पण लक्ष्मी हिशेबी बाई. माणसामाणसातली देवघेव तिला तोंडपाठ. तेवढ्या अंतरात तिने मनाशी जमाखर्च मांडला. पोरीचा जीव बापात. बाप तुटला तर ही सासरी कुठल्या बळावर उभी राहील? त्यापेक्षा आई तुटलेली परवडली... आईवर रागावलेली पोर जगते. आणि ओटीवर येऊन, नवऱ्याचं वाक्य तिने स्वतःचं करून टाकलं.

"मी जित्ती हाय तोवर ह्या उंबऱ्यात पाय ठेवू नको. तुझ्या बाबाला मी अडवलाय. माझ्यासमोर त्याची काय चालत नाय."

शेवटचं वाक्य ऐकून आत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसालाही खोकला आला होता. नवऱ्यासमोर आवाज न चढवलेली बाई ती.

पुढे परशुराम विरघळला. दिवाळीच्या आतच. पण तोवर दोष लक्ष्मीच्या नावावर पक्का चढला होता आणि त्याला तो तिथेच सोयीचा वाटला. तो तलावपाळीला जाऊन लेकीला भेटू लागला, 'तुझ्या आईला सांगू नको हां' म्हणत नातीला कुल्फी खायला घालू लागला. मायाळू, बायकोच्या धाकातला, बिचारा बाप! निघताना त्याच्या पिशवीत लक्ष्मीच सुक्या जवळ्याच्या चटणीची बरणी ठेवायची, आणि तो ती लेकीला द्यायचा, "गोपीनाथच्या बायकोनं, तुझ्या काकीनं दिलीय" म्हणून. बरणी रिकामी होऊन परत यायची. लक्ष्मी ती धुताना बोट फिरवून बघायची, तळाशी काही उरलंय का. कधीच काही उरलेलं नसे. तेवढं तिला पुरत होतं... किंवा पुरतं असं ती म्हणे.

रविवारी सकाळी करिश्मा गाडी घेऊन आली. विनीत आला नव्हता; त्याने म्हणे मुद्दाम घरी राहून केक करायला घेतला होता. गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबली. उंबरा तर लांबच राहिला, अंगणातही पाय ठेवायचा नाही हे करिश्माने पाळलं होतं. हट्टीपणा तिला दोन्हीकडून मिळालेला. परशुराम पुढे बसला. लक्ष्मी मागे, कृतिकाच्या शेजारी. मधल्या जागेवर परशुरामची कापडी पिशवी. तीत थेंबांची बाटली होती, पाण्याची बाटली होती, आणि आणखी एक गोल जड वस्तू होती, ती लक्ष्मीने ठेवलेली नव्हती.

"आजी, तू ती आहेस ना?" कृतिकाने विचारलं.

"कोन ती?"

"मम्मी म्हणते ती."

पुढच्या आरशात करिश्माचे डोळे दिसले आणि लगेच रस्त्यावर गेले. "कृतिका, खिडकीबाहेर बघ."

"हो बाय," लक्ष्मी म्हणाली, "तीच मी. तुझी वेणी कोनी घातली? उजवी बाजू सैल हाय."

"पप्पांनी."

"तरीच."

कृतिका हसली. पुढच्या सीटवरून कोणी हसलं नाही. पण आरशातले डोळे क्षणभर पुन्हा मागे आले, वेणीकडे.

घोडबंदर रोडच्या कडेला गायमुखाच्या बाजूला नर्सऱ्यांची रांग आहे. डिसेंबरात त्यांना वेगळंच रूप येतं. तुळशी आणि मोगरे मागे सरकतात आणि पुढे नाताळची झाडं मांडली जातात, काळ्या पिशव्यांत, कुंड्यांत, मजल्यामजल्यांनी पसरलेल्या हिरव्या फांद्यांची. करिश्माने गाडी सावलीत लावली, काच थोडी खाली केली आणि मागे न बघता म्हणाली, "गरम झालं तर दार उघडं ठेवायला हरकत नाही."

दार उघडं ठेवायला हरकत नाही! लक्ष्मीने हे वाक्य पदराच्या गाठीत बांधून ठेवलं. इतक्या वर्षांत थेट तिला उद्देशून आलेलं ते पहिलं.

उघड्या दारातून तिला सगळं दिसत होतं. नर्सरीचा मालक सीताराम उन्हात खुर्ची टाकून बसला होता. कृतिकाने सगळ्यात उंच झाडाकडे बोट दाखवलं. परशुरामने त्याच्याभोवती फेरी घातली, डोळा बारीक केला, मान हलवली आणि हात जोडले.

"आजोबा, झाड घेताय की मुलगी बघताय?" सीताराम म्हणाला.

"मुलगी बघताना एवढा बघत नाय कोनी," परशुराम म्हणाला. "म्हनून तर नंतर रडतात. हा उंच हाय, पन खालून पोकल. नुसता वर पलालाय."

"आणि हे?" करिश्माने विचारलं.

"हा वाकडा. उजेडाकडं झुकलाय. चांगला हाय, पन घरात ठेवशील तर कायम खिडकीकडं बघेल. पावन्यासारखा, कधी जातंय कधी जातंय."

करिश्मा हसली. लेकीचं हसू लक्ष्मीने ह्याआधी ऐकलं होतं ते ती बँकेत लागली तेव्हा, पेढ्यांचा पुडा उघडताना. आवाज थोडा जाड झाला होता. पण शेवटाला येणारा तो बारीक हुंकार तसाच... लक्ष्मीने दुसरीकडे बघितलं. रस्त्यावरून सिमेंटचा मिक्सर गरगरत गेला.

तेवढ्यात थेंबांची वेळ झाली.

आता हे खरं, की थेंब आणखी अर्ध्या तासाने घातले असते तरी परशुरामचा डोळा काही बिघडला नसता. पण बाईने हाती आलेली सबब सोडायची म्हणजे काय? लक्ष्मी बाटली घेऊन उतरली. करिश्माने बघितलं, तोंड उघडलं, आणि आपणच परवानगी दिलेल्या थेंबांपुढे ते पुन्हा मिटलं.

"वर बघा. हलू नका," लक्ष्मीने नवऱ्याची हनुवटी धरली.

"हा घेतलाय गो," तो वर बघत म्हणाला, "तो मधला. ना उंच, ना बुटका. मुळाशी भरलेला, शेंडा सरल. हावलीला उभा केला असता तर कुठच्या कुठं दिसला असता."

कृतिका त्या झाडाशी धावली. तिला घरी मम्मीने गोष्टी सांगितलेल्या होत्या. खांद्यावरून बघितलेल्या रानाच्या, सावरीच्या, आणि खोडावर टेकवलेल्या हाताच्या. "आता हात लावा ना, आजोबा," ती म्हणाली. "तुम्ही हात लावल्याशिवाय आपलं नाही होत."

परशुरामने हात पुढे केला. मिठागरात फळी ओढून ओढून घट्टे पडलेला तो तळहात खोडाच्या दिशेने गेला... आणि वितभर अलीकडे थांबला. तिथेच राहिला. मग हळूहळू मागे आला.

लक्ष्मी हा हात ओळखत होती.

"अवो," ती घाईने म्हणाली, "हा काय हावलीचा झाड हाय? कुंडीतला हाय. पैसे द्या नि चला. पोर खोळंबलीय."

परशुरामने तिचं ऐकलं नाही. तो गाडीपर्यंत गेला, ऑपरेशननंतर वाकायला मनाई असतानाही वाकून कापडी पिशवीत हात घातला, आणि परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत नारळ होता, शेंडीसकट, हळदीकुंकू लावलेला. झाडापासून चार पावलं बाजूला तो उभा राहिला. मान खाली.

"लक्षुमे," तो म्हणाला, "तू लाव हात."

सीताराम खुर्चीतून उठला. त्याला काही कळलं नव्हतं, पण बसून राहण्याजोगं हे नाही एवढं कळलं होतं.

"मी नाय लावायची," लक्ष्मी म्हणाली. सगळा जमाखर्च ह्या एका नारळाने उधळला जाणार होता. पोरीचा बाप, इतकी वर्षं जपून ठेवलेला, तिच्या डोळ्यांदेखत चार पावलं दूर उभा होता. "मना कशाला सांगता? दार मी बंद केला. पोरीला मी घालवली. माझ्या हाताला तो झाड चालत नाय. द्या तो नारल इकडं. माझा हाय तो."

तिने नारळ ओढला. त्याने सोडला नाही. दोघं म्हातारी, नाताळच्या झाडांच्या मधोमध, एका नारळासाठी झटापट करत उभी राहिली.

"आजी-आजोबा भांडतात का, मम्मी?" कृतिकाने विचारलं.

करिश्मा नारळाकडे बघत होती. फार वर्षांपूर्वी, खूप उंचावरून, बापाच्या खांद्यावरून बघितलेला तसाच एक नारळ तिला आठवत असावा. आणि तो हातात धरून उभ्या राहिलेल्या काकाची मान. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्यावर काहीतरी सावकाश चढत गेलं, भरतीचं पाणी मिठागराच्या वाफ्यात शिरतं तसं, आवाज न करता.

"बाबा," ती म्हणाली, "नारळ तुमच्याकडे का आहे?"

"ज्याचा असतो, त्याच्याकडं हाय," परशुराम म्हणाला.

"त्या दिवशी... ओटीवर ती बोलली ते..."

"बोलली ती. शब्द माझे व्हते."

लक्ष्मीचे हात नारळावरून सुटले. आता लेक बापाकडे पाठ फिरवणार. ज्यासाठी एवढं केलं तेच आता होणार, असं वाटून तिने डोळे मिटले. पण करिश्मा वळली ती तिच्याकडे.

"कोणी सांगितलं होतं तुला?" ती म्हणाली. "कोणी सांगितलं होतं हे असं करायला? मी बाळंतपणात रात्र-रात्र उशीत तोंड खुपसून तुला शिव्या दिल्या. विनीतच्या आईने माझं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा मी मनात म्हटलं, बघ, ह्याला आई म्हणतात. तुला काय वाटलं, मला हलकं वाटत होतं?"

"तुझा जीव तुझ्या बाबात, बाय," लक्ष्मी पुटपुटली. "मना वाटला, दोघांतला एक तरी तुना राहील. बाप राहिला तर..."

"मला विचारलंस? ओटीवर यायच्या आधी तूच ठरवलंस, मी कोणाशिवाय जगायचं ते." करिश्माने हाताच्या पाठीने नाक पुसलं, शाळकरी पोरीसारखं. "मला दोघं हवी होतीत. आये... मला दोघं हवी होतीत."

आये. लहानपणी पडली-झडली की ती मारायची तीच हाक. लक्ष्मीचा तोल जातो की काय असं झालं. तिने आधारासाठी हात पुढे केला, आणि जवळ होतं त्या झाडाचं खोड तिच्या हाती आलं. मुद्दाम नाही. पण लागला तो लागला. करिश्माने ते बघितलं. पुढे झाली आणि आईच्या हातावर आपला हात घट्ट दाबून धरला, ती आता काढून घेईल म्हणून.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझाच लागायला पाहिजे होता."

"तुझा पन," लक्ष्मी म्हणाली. "अन्याय तुझ्यावर पन झाला. अर्धा माझ्या हातचा हाय."

कृतिकाने आपल्याला कोणी बोलावत नाही हे बघून स्वतःचा हात मधे घुसवला. खोड एवढंसं, तिघींचे हात त्यावर मावत नव्हते.

चार पावलं बाजूला परशुरामच्या गालांवरून काहीतरी ओघळत होतं. थेंब आत्ताच घातले होते, त्यामुळे कोणाला काही म्हणता आलं नाही. लक्ष्मी मात्र मनात म्हणाली, अख्खी बाटली घातली असती तरी एवढं बाहेर आलं नसतं.

सीतारामने कुंडी गाडीत ठेवून दिली. दर तिसऱ्या दिवशी एक तांब्या पाणी, जास्त घालून मुळं कुजवायची नाहीत, वरचेवर जागा बदलायची नाही, असं त्याने समजावून सांगितलं. परशुरामने विचारलं, "आनि जालायचा कधी?"

"जाळायचं? आजोबा, जिवंत झाड आहे. सण झाला की बाल्कनीत ठेवा. वाढेल."

परशुराम बराच वेळ त्या झाडाकडे बघत राहिला. आयुष्यभर त्याने झाडं निवडली होती. एकसारखी, सरळ, गावाने नाव काढावं अशी. त्यातलं एकही मागे राहिलेलं नव्हतं.

परतताना तो मागे बसला, स्वतःहून, नारळ मांडीवर घेऊन. करिश्मा त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. लक्ष्मीला पुढे बसावं लागलं आणि पट्टा कसा लावतात ते माहीत नसल्यामुळे लेकीने वाकून तो लावला; तिच्या केसांना बाजारातल्या शाम्पूचा वास होता, पण कानामागे तोच वास, लहानपणचा. गावाकडे वळायचा फाटा आला. लक्ष्मी म्हणाली, "इथं उतरव आमाला. गल्लीपर्यंत चालत जाऊ."

करिश्माने गाडी थांबवली नाही.

"अगो, फाटा गेला."

"दिसला मला. झाड वर न्यायला माणसं लागतात. लिफ्ट बंद आहे आमची."

माजिवड्याला ट्रॅफिक तुंबलेला होता. त्यात उभं राहिल्या राहिल्या कृतिकाने आजीला पप्पांच्या केकची, शाळेची, पप्पांकडच्या आजीच्या सुरूच्या फांदीची सगळी हकिकत सांगून टाकली. माणकोलीचा पूल ओलांडताना खाली खाडी आली. एरवी खाडी दिसली की परशुराम बोलायला लागायचा. आज त्याने तिकडे बघितलंही नाही. झाडाची एक फांदी त्याच्या खांद्यावर आली होती, ती त्याने बाजूला सारली नव्हती.

ठाकुर्लीला पोचल्यावर कळलं की लिफ्ट चालू आहे. सगळी झाडासकट लिफ्टमध्ये शिरली.

दारात विनीत उभा होता, हाताला पीठ लागलेलं. त्याने सासूला बघितलं, बायकोच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं, आणि फक्त म्हणाला, "आत या, मम्मी. चपला राहू देत, फरशी मी नंतर पुसणारच आहे." लक्ष्मीने उंबऱ्याशी पाय थांबवला. कितीदा तिने हे घर मनात लावून बघितलं होतं. इथे कपाट असेल, इथे पाळणा. तसं काहीच नव्हतं. पण स्वयंपाकघराच्या फळीवर ती बरणी होती. धुऊन, पुसून, झाकण उलटं ठेवून. तिची.

झाड खिडकीपासून लांब, भिंतीशी उभं केलं. कृतिकाने चांदण्या लावल्या. विनीतने आईचे कापसाचे बोळे जपून ठेवले होते ते काढून आणले. परशुराम दाराजवळच्या खुर्चीत, नारळ मांडीवर, अजूनही. शेवटी करिश्मा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने नारळ पुढे केला. आता तो तिने घ्यायचा, फोडायचा, आणि सगळं मिटायचं, अशी रीत.

तिने घेतला. बराच वेळ हातात तोलला.

"आज नाही, बाबा," ती म्हणाली. "आज माझ्याने फुटणार नाही. मला थोडा वेळ लागेल."

परशुरामने मान हलवली. त्याला ते कमी वाटलं नाही.

करिश्माने नारळ झाडाखाली, कुंडीच्या मातीला टेकवून ठेवला. "नाताळला फोडू. तुम्ही दोघं याल तेव्हा."

"मम्मी, हे गिफ्ट कोणाचं?" कृतिकाने विचारलं.

"आजीसाठी," करिश्मा म्हणाली. मग ती स्वयंपाकघरात गेली, फळीवरची बरणी काढून आणली आणि आईच्या हातात दिली. "झाडाला पाणी घालायला कोणीतरी यायला लागेल. माझ्या हाताला झाडं जगत नाहीत."

"तिसऱ्या दिवशी एक तांब्या," लक्ष्मी म्हणाली. तिला दुसरं काही सुचेना. "मी येईन."

"ये. आणि येताना ही भरून आण, आये." करिश्माने झाकण नीट बसवलं, आणि बसल्यावरही तिचे हात बरणीवरून निघाले नाहीत. "पण आता काकीचं नाव सांगू नका हां. पहिल्याच घासाला कळलं होतं मला."